दहावी राहून गेलेल्यांसाठी : निकालानंतरचा पंधरवडा

धागाकर्ती : दिवेलागण

नमस्कार. परळ भागातील एका रात्रशाळेत मी बरीच वर्षे गणित शिकवत आहे. आमचा वर्ग संध्याकाळी साडेसहाला भरतो आणि साडेनऊच्या सुमारास सुटतो. बाकांवर कुरियर पोहोचवणारे तरुण असतात, हॉटेलच्या भटारखान्यातून थेट वर्गात येणारे असतात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया असतात, आणि ज्यांची मुले आता महाविद्यालयात शिकत आहेत अशा आयाही असतात. दहावीचा निकाल लागला की यांच्यापैकी काहींच्या घरी पेढे वाटले जातात, आणि काहीजण फोन उचलणे बंद करतात. हा धागा मी त्या दुसऱ्या गटासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काढत आहे.

माझ्या पाहण्यात ज्या विद्यार्थ्यांची शाळा कायमची सुटली, त्यांच्यापैकी फार थोडे परीक्षेच्या भीतीने सुटले. बहुतेक जण निकाल लागल्यापासून पुढच्या परीक्षेच्या अर्जाची मुदत संपेपर्यंतच्या काळात सुटले. हा काळ जेमतेम पंधरा दिवसांचा असतो. मार्चच्या परीक्षेचा निकाल मे-जूनमध्ये लागतो आणि अनुत्तीर्ण झालेल्यांची पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्येच होते. २०१५ पूर्वी ही परीक्षा ऑक्टोबरला होत असे, त्यामुळे आमच्या पिढीत ‘ऑक्टोबरला बसणे’ असेच म्हणत. तेव्हा सावरायला महिने मिळत. आता मन अजून दुखरे असतानाच अर्ज भरावा लागतो. पण वर्गातला अभ्यास ताजा असताना पुन्हा परीक्षा देता येते, हा या बदलाचा मोठा फायदा आहे, आणि तो ज्यांना सर्वांत जास्त मिळायला हवा तेच नेमके त्या दिवसांत घरात तोंड लपवून बसलेले असतात.

म्हणून पहिली गोष्ट, जी अनेकांना कोणी सांगतच नाही. एखाद्या विषयात राहिलात म्हणजे संपूर्ण दहावी पुन्हा द्यावी लागत नाही. प्रत्येक विषयात १०० पैकी ३५ गुण लागतात. ज्या विषयांत ते मिळाले आहेत ते विषय तुमच्या पदरात पडलेले असतात आणि पुन्हा फक्त राहिलेल्याच विषयांना बसता येते. मात्र घरात ‘नापास’ हा एकच शब्द उच्चारला जातो आणि उत्तीर्ण झालेले चार विषय त्या शब्दाखाली गाडले जातात. निकालाच्या दिवशी मी प्रत्येकाला गुणपत्रिका समोर ठेवून उत्तीर्ण झालेले विषय आधी मोठ्याने वाचायला लावते. मन रिझवणे हा त्यामागचा हेतू नसतो. पुढे नेमके किती काम उरले आहे, हे त्या माणसाला स्वतःच्या कानांनी ऐकू यावे, एवढेच मला हवे असते.

दुसरी गोष्ट गणिताची, कारण आमच्याकडे राहणाऱ्यांत गणिताचाच वाटा मोठा असतो. गणिताचे गुण असे असतात : भाग एकची लेखी परीक्षा ४० गुणांची, भाग दोनची ४० गुणांची, आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. पहिल्या भागात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणे आहेत. शिकवणारे बहुतेक जण पुस्तकाच्या क्रमाने जातात, त्यामुळे नोकरी करून येणारा प्रौढ विद्यार्थी पहिल्याच महिन्यात ‘क्ष’ आणि ‘य’ मध्ये अडकतो आणि हे आपले काम नव्हे असे ठरवून मोकळा होतो. प्रौढांना मी अर्थनियोजनापासून शिकवायला घेते. त्या प्रकरणात वस्तू व सेवा कर आहे. दुकानात बिले फाडणाऱ्या मुलाला केंद्राचा कर आणि राज्याचा कर समसमान कसा लागतो, हे समजावून सांगावे लागत नाही. तो रोजच ते करत असतो, फक्त त्याला आपण गणित करतो असे आजवर कोणी म्हटलेले नसते. तीच गोष्ट भूमितीतील भौमितिक रचनांची. शिवणकाम करणाऱ्या किंवा सुतारकाम करणाऱ्या माणसाच्या हातात कंपास दिला की तो वर्गातल्या कोवळ्या मुलांपेक्षा नेटका कंस काढतो. आधी आपल्या हाताला ठाऊक असलेले गुण मिळवावेत आणि त्यांच्या बळावर समीकरणांकडे जावे, असे माझे मत आहे, आणि ते अनुभवाने पक्के झाले आहे.

थोडे इतिहासाचे सांगते, कारण ते या भागाशी जोडलेले आहे. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्री शाळा हवी हा विचार आपल्याकडे जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी आणि कामगारांसाठी पुण्यात १८५५ साली रात्रशाळा सुरू केली होती. त्यांच्याच सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. आज माझे विद्यार्थी आठवड्याचा तुंबलेला अभ्यास रविवारी काढतात, तेव्हा ती सुटी कोणीतरी भांडून मिळवलेली आहे, हे मी त्यांना आवर्जून सांगते. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि या वस्तीतल्या कितीतरी मुलांनी त्या काळात शाळा सोडून मिळेल ते काम धरले. तेव्हा सातवी-आठवीत असलेली ती मुले आज साठीच्या आसपास आहेत. त्यांच्यातले काहीजण अजूनही आमच्या दारात येऊन, आत न येता, प्रवेशाची चौकशी करून जातात.

आपापले अनुभव लिहावेत, विशेषतः अडखळल्यानंतर पुन्हा उभे राहताना नेमके काय कामी आले ते. केवळ ‘जिद्द ठेवा’ एवढेच लिहू नये, ही विनंती. जिद्द या लोकांकडे आहेच. दहा तास काम करून संध्याकाळी वर्गात येणाऱ्याला ती कोणी शिकवायची?

प्रतिसाद : वजनकाटा

ताई, अगदी मनापासून आभार. मी घाटकोपरला एका हार्डवेअरच्या दुकानात काम करतो. माझी दहावी गणितात अडली होती आणि मी ती रात्रशाळेतून, पहिल्या खेपेनंतर काही वर्षांनी, पूर्ण केली.

तुम्ही पंधरवड्याबद्दल लिहिले आहे ते शब्दशः खरे आहे. पहिल्यांदा अनुत्तीर्ण झालो तेव्हा मला कोणी काही बोलले नाही. शेजारी बोलले नाहीत, मालकही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा मला फार त्रास झाला, कारण सगळ्यांनी हे धरूनच चालले होते असा मी त्याचा अर्थ लावला. दुसऱ्यांदा निकाल मनासारखा लागला नाही, तेव्हा आमच्या वर्गशिक्षकांनी त्याच संध्याकाळी बोलावून घेतले आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला लावली. मंडळाकडून छायाप्रत मिळते, हे मला माहीतच नव्हते. ती पाहिल्यावर कळले की मला गणिते येत होती, पण मी पायऱ्या न लिहिता थेट उत्तर लिहीत होतो. दुकानात तोंडी हिशेब करायची सवय! पायऱ्यांना गुण असतात, हे मला तोवर कोणी दाखवून दिले नव्हते. त्यानंतरच्या अभ्यासात मी नवीन असे फारसे शिकलो नाही, फक्त सगळे कागदावर उतरवायला शिकलो.

म्हणून माझे सांगणे एवढेच की आपण कुठे चुकलो याबद्दल अंदाज बांधत बसू नये. आपली स्वतःची उत्तरपत्रिका डोळ्यांनी पाहावी. पाहायला मन धजत नसेल तर बरोबर कोणाला तरी घ्यावे.

प्रतिसाद : वरळीकर

जागेचा प्रश्नही मोठा आहे, त्याबद्दल दोन ओळी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असतील तर रात्री दहानंतर अभ्यास कुठे करायचा? आमच्याकडे पोदार रुग्णालयाजवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला सगळे ‘अभ्यास गल्ली’ म्हणूनच ओळखतात. बीडीडी चाळींतली कितीतरी मुले त्या रस्त्याच्या दिव्यांखाली शिकून पुढे गेली. अनेक गणेशोत्सव मंडळांच्याही अभ्यासिका आहेत आणि तिथे परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत बसता येते. वयाने मोठ्या माणसांना तिथे शाळकरी मुलांमध्ये बसायला संकोच वाटतो. तो वाटू देऊ नये. मुले दोन दिवस पाहतात, तिसऱ्या दिवशी शंका विचारायला येतात.

प्रतिसाद : तांबडी माती

आमच्या घराण्यात कुस्ती आहे, त्यामुळे मला या विषयावर खाशाबा जाधव यांच्याबद्दल लिहावेसे वाटते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधले त्यांचे कांस्यपदक सर्वांना ठाऊक आहे. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण या धाग्याच्या दृष्टीने मला त्याआधीची चार वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले आणि फ्लायवेट या हलक्या वजनगटात सहावे आले. कराडजवळच्या गोळेश्वरचा, तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटवर, वेगळ्या नियमांनुसार लढत होता. मातीत पाय जसा रुततो तसा मॅटवर रुतत नाही. तिथे तोल वेगळा असतो आणि डावांचा वेगही वेगळा असतो. सहाव्या क्रमांकाकडे ‘पदक हुकले’ म्हणून पाहता येते आणि ‘आता काय शिकायचे ते कळले’ म्हणूनही पाहता येते. खाशाबांनी पुढची चार वर्षे मेहनत केली, वरच्या म्हणजे बँटमवेट गटात उतरले आणि पदक आणले.

दुसरी बाब पैशांची. हेलसिंकीला जाण्याइतकी रक्कम त्यांच्याकडे नव्हती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. चिकाटीच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी एकट्या माणसाची गोष्ट सांगतो. घर गहाण ठेवणारे प्राचार्य त्या गोष्टीतून वगळले तर उरते ते अर्धसत्य. प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीतही तेच आहे. त्याची संध्याकाळची पाळी बदलून देणारा मुकादम, किंवा परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाक अंगावर घेणारी सून, यांच्याशिवाय ती परीक्षा होत नाही.

प्रतिसाद : समांतर

धागा उत्तम आहे, तरीही मी थोडी वेगळी बाजू मांडतो आणि ती कोणाला नाउमेद करण्यासाठी मांडत नाही, असे समजून वाचावे, ही विनंती. माझ्या ओळखीत असे तरुण आहेत जे स्पर्धा परीक्षांची तयारी करण्यासाठी मुंबई-पुण्यात येऊन राहिले आणि एकेका गुणाने हुकत गेले. त्यांना प्रत्येक वेळी ‘आणखी एकदा बस’ असेच सांगितले गेले. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता, परंतु त्यात त्यांच्या विशीची सगळी वर्षे गेली, गावाकडची जमीन विकली गेली, आणि आता दुसरे काही सुरू करायचे तर हातात ना अनुभव ना भांडवल. अशा वेळी चिकाटी हा गुण म्हणावा की सापळा, हे मला ठरवता येत नाही. कुठे थांबायचे याबद्दलही इथे कोणीतरी लिहायला हवे.

प्रतिसाद : दिवेलागण

समांतर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे आणि त्यावर सविस्तर लिहायला हवे.

दहावी आणि स्पर्धा परीक्षा यांत एक मूलभूत फरक आहे. स्पर्धा परीक्षेत जागा मोजक्या असतात. तुम्ही कितीही चांगले लिहिले तरी तुमच्यापेक्षा चांगले लिहिणारे पुरेसे असतील तर तुम्ही बाहेर राहता. दहावीत तसे नाही. तुमच्या ३५ गुणांवर दुसऱ्या कोणाचा हक्क नसतो आणि कोणाच्या हुशारीने तुमची जागा जात नाही. त्यामुळे स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याने आपली मर्यादा आधीच, मन शांत असताना, घरच्यांना सांगून ठरवावी आणि तोवर पोटापाण्याचा दुसरा उद्योग पूर्ण सोडू नये, असे मी स्पष्ट म्हणेन. दहावीच्या विद्यार्थ्याला मात्र मी तशी मर्यादा घालायला सांगणार नाही, कारण तो काम सोडून शिकत नाही आणि त्याचे जे जाते ते संध्याकाळच्या काही तासांपलीकडे जात नाही.

परंतु तुमच्या म्हणण्यातून एक गोष्ट दहावीलाही लागू होते. ध्येय तेच ठेवून वाट बदलणे म्हणजे माघार घेणे नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. तिथे एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के गुण लागतात. विषय पाच, त्यांपैकी किमान एक भाषा, आणि गणित घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. आधीच्या मंडळात उत्तीर्ण झालेल्या विषयांपैकी जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण तिकडे वळते करून घेता येतात. राज्य मंडळाकडेही १७ नंबरचा अर्ज भरून शाळेत न जाता, खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येते. म्हणजे गणितापाशी कायमचा अडलेला माणूस दहावीपासून कायमचा वंचित राहावा, असे मुळीच नाही. हे ठाऊक नसल्यामुळे आयुष्यभर ‘आठवी पास’ लिहीत राहिलेली माणसे मी पाहिली आहेत आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

प्रतिसाद : भांडुपची ओवी

ताई, हा धागा माझ्या आईसाठीच निघाला असावा, असे वाटले. माझी आई पोळ्या करायची कामे करते. पहाटे साडेचारला उठते, चार घरे करते आणि संध्याकाळी रात्रशाळेत जाते. यंदा ती दहावीला बसली. मराठी, हिंदी, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांत उत्तीर्ण झाली, गणित आणि इंग्रजीत राहिली. गणितात २७ गुण आहेत. निकाल लागल्यापासून ती काहीच बोलत नाही. काल तिने पुस्तके बांधून माळ्यावर ठेवली. आजी म्हणाली, ‘या वयात काय करायचे आहे शिकून?’ आणि आईने उत्तर दिले नाही. मला रडू आले, पण मी काही बोलले तर ती अजून खचेल, असे वाटून गप्प राहिले.

मी तिला मुक्त विद्यालयात घालावे का? तिकडे गणित आणि इंग्रजी दोन्ही टाळता येतील असे दिसते. तिला फक्त दहावी झाल्याचे समाधान हवे असेल तर तेच बरे नाही का?

प्रतिसाद : दिवेलागण

ओवी, तू लिहिलेस हे फार चांगले केलेस. आधी गुणांकडे पाहू. चार विषय तिच्या नावावर जमा झाले आहेत. गणितात आठ गुण कमी पडले, आणि ती पोळ्यांची कामे आटोपून, थकलेल्या शरीराने ती परीक्षा देत होती, हे लक्षात घे. राज्य मंडळातून बसली तर तिला दोनच विषय द्यायचे आहेत. मुक्त विद्यालयात गेली तर चारपैकी दोनच विषयांचे गुण वळते होतील आणि तीन नवे विषय करावे लागतील. म्हणजे वाट सोपी असली तरी लांबीला ती जास्त आहे.

पण हा निर्णय तू किंवा मी घ्यायचा नाही. तिला दहावी कशासाठी हवी आहे, हे तिला विचार. सरळ विचार, आडून विचारू नकोस. पुढे तिला एखादा अभ्यासक्रम किंवा नोकरी हवी असेल, तर तिथे गणित-इंग्रजीची अट आहे का, ते आधी पाहावे लागेल.

प्रतिसाद : भांडुपची ओवी

काल रात्री विचारले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मी ज्या घरी कामाला जाते तिथली मुले माझ्यासमोर इंग्रजीत बोलतात. मला ते समजायला हवे आहे. इंग्रजी सोडून मिळालेली दहावी मला नको.’ मी तिला मुक्त विद्यालयाचे सगळे समजावून सांगितले होते, तरीही ती हेच म्हणाली. पुस्तके मात्र अजून माळ्यावरच आहेत.

प्रतिसाद : वजनकाटा

ओवीताई, आईंना माझा नमस्कार सांगा. २७ वरून ३५ फार लांब नाही. मी त्याच टप्प्यात अडकलो होतो.

प्रतिसाद : दिवेलागण

मग प्रश्न सुटला, ओवी. तिला काय हवे ते तिने सांगितले आहे आणि ते बदलायचा प्रयत्न कोणी करू नये. आता फक्त काम उरले आहे.

पुनर्परीक्षेचा अर्ज ती ज्या शाळेतून बसली त्याच शाळेतून भरायचा असतो. उद्याच संध्याकाळी तिच्याबरोबर जा. तिला एकटीला पाठवू नकोस, कारण निकालानंतर पहिल्यांदा त्या दारातून आत जाणे हेच सर्वांत अवघड असते. अर्जाची शेवटची तारीख मुख्याध्यापकांकडून लिहून घे. त्याच वेळी दोन्ही विषयांच्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रतींसाठीही अर्ज कर, त्याची मुदत वेगळी असते. अर्ज दोन्ही विषयांचा भरा. एखादा विषय या वेळी सुटला नाही तर तो मार्चला देता येईल, आणि जो सुटेल तो पुन्हा द्यावा लागणार नाही.

गणिताला अर्थनियोजन, सांख्यिकी आणि भौमितिक रचना एवढ्यापासूनच सुरुवात करा. तिला पिठाचे आणि माणसांचे प्रमाण पक्के ठाऊक आहे, एक माणूस वाढला की पीठ ठरावीक मापानेच वाढते, तेव्हा अंकगणिती श्रेढी, म्हणजे सारख्या फरकाने येणाऱ्या संख्या, हीसुद्धा ती समजते तितकी परकी नाही. इंग्रजीसाठी पाठ्यपुस्तकातले उतारे तू तिला रोज मोठ्याने वाचून दाखव आणि नंतर तिला वाचायला लाव; सकाळी नको, तेव्हा तिला घाई असते, रात्री जेवणानंतर अर्धा तास पुरे. छायाप्रती आल्या की मला निरोप पाठव. त्यावर तुझे आणि आईचे नाव दिसणार नाही असे करून गणिताची पाने इथे टाकलीस तर वजनकाटा आणि मी मिळून पाहू की गुण नेमके कुठे गेले.

आणि पुस्तके माळ्यावरून तू काढू नकोस. अर्ज भरून घरी आल्यावर ती स्वतः काढेल.